मिनेसोटाच्या थंडीत सफरचंदाचा खुंट कसा निवडावा

नर्सरीतले सफरचंदाचे रोप म्हणजे दोन झाडांचे कलम. वरची जात, म्हणजे हनीक्रिस्प, हॅरलसन किंवा झेस्टार, फळाची चव ठरवते. खालचा खुंट, म्हणजेच रूटस्टॉक, झाडाची उंची, पहिले फळ कधी येणार, मुळे किती घट्ट धरणार आणि कडाक्याच्या हिवाळ्यातून झाड उठणार की नाही हे ठरवतो. नाशिक-सांगलीकडे डॉगरिज या खुंटावर द्राक्षाची कलमे करणाऱ्यांना खुंटाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तिकडे क्षार आणि पाण्याचा ताण बघून खुंट ठरतो, इकडे गोठणारी माती बघून.

हा लेख मिनेसोटा आणि त्याला लागून असलेल्या थंड पट्ट्यात, म्हणजे उत्तर विस्कॉन्सिन, डकोटा आणि मॅनिटोबात, घराच्या अंगणात दोन-चार झाडे लावणाऱ्यांसाठी आहे. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये दिले आहे. मापे फूट-इंचांत ठेवली आहेत, कारण तिथल्या दुकानात सगळे तसेच मिळते.

पायरी १ : झोन बघा, पण त्यावर विसंबू नका

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशात झिप कोड टाकला की आपला झोन कळतो. वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीचे सरासरी तापमान झोन ३ मध्ये उणे ४० ते उणे ३४, झोन ४ मध्ये उणे ३४ ते उणे २९ आणि झोन ५ मध्ये उणे २९ ते उणे २३ असते. ट्विन सिटीजचा, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलचा, परिसर ४ आणि ५ च्या सीमेवर आहे, तर कॅनडाच्या हद्दीकडचा भाग ३ मध्ये येतो. २०२३ च्या सुधारित नकाशात बऱ्याच गावांचा झोन अर्ध्या पायरीने वर गेला. त्यावर खूश होऊन नाजूक झाड आणू नका. नकाशातला आकडा १९९१ ते २०२० या काळाची सरासरी आहे आणि झाड मरायला एक रात्र पुरते. खुंट नेहमी आपल्यापेक्षा एक झोन थंड भागात टिकणारा घ्या.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. झोन हवेचा असतो आणि मुळे मातीत असतात. हॅरलसनसारख्या जातीच्या पक्व फांद्या उणे ३५ अंश सहज सोसतात, पण त्याच झाडाची मुळे एम २६ सारख्या नाजूक खुंटाची असतील तर माती उणे १० च्या आसपास गेली तरी इजा सुरू होते. मुळे फांद्यांइतकी कधीच कणखर होत नाहीत. म्हणून ‘हार्डी टु झोन ३’ (झोन ३ पर्यंत टिकणारे) हे लेबल वाचताना एक प्रश्न विचारा: हे जातीबद्दल लिहिले आहे की खुंटाबद्दल? बहुतेक वेळा ते फक्त जातीबद्दल असते.

पायरी २ : आपल्या जागेतली माती किती गोठते ते ओळखा

ट्विन सिटीज भागात घराचा पाया किमान ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच खोल घ्यावा लागतो, कारण जमीन तेवढी खोल गोठू शकते. सफरचंदाची बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. म्हणजे मुळांभोवतीची माती गोठणारच. प्रश्न एवढाच की ती उणे ३ वर थांबते की उणे १२ पर्यंत उतरते.

हे तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, साचलेला बर्फ. आठ इंच भुसभुशीत बर्फ जमिनीवर टिकून राहिला तर बाहेर उणे ३० असतानाही माती शून्याच्या थोडीच खाली राहते. वाऱ्याने बर्फ उडून जाणारी टेकडी, ड्राइव्हवेची कड आणि फावड्याने रोज साफ होणारी पायवाट या जागा धोक्याच्या. दुसरी, मातीचा पोत. रेताड माती चिकणमातीपेक्षा लवकर आणि खोल गोठते. तिसरी, ओलावा. कोरडी माती झपाट्याने थंड होते. ओल्या मातीतले पाणी गोठताना उष्णता सोडते आणि तेवढा वेळ मिळतो.

लावणीच्या आधीचा एक हिवाळा हाताशी असेल तर ठरवलेल्या जागी चार इंच खोल साध्या वायरचा मातीचा थर्मामीटर पुरून ठेवा आणि जानेवारी-फेब्रुवारीत आकडे लिहा. माती उणे ५ च्या खाली उतरलीच नाही तर खुंटाचे बरेच पर्याय खुले राहतात. उणे ८-१० दिसले तर पुढच्या यादीतले फक्त कणखर खुंट घ्या.

निचराही याच वेळी तपासा. एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी २४ तासांनी खड्ड्यात तसेच असेल तर तिथे बुंध्याची कूज होणार हे धरून चला. अशा जागी उंचवटा करून लावतात. पण अरुंद उंचवटा कडेनेही गोठतो. म्हणून तो किमान सहा फूट रुंद आणि फक्त एक फूट उंच करा.

अमेरिकेत खोदायच्या आधी ८११ वर फोन करून जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइन आखून घ्या. हे फुकट आहे आणि कायद्याने बंधनकारकही.

पायरी ३ : झाड केवढे हवे ते ठरवा

खुंटावर झाडाची उंची ठरते आणि उंचीवर पुढची वीस वर्षे तुम्ही किती वेळा शिडी चढणार ते. बुटके झाड आठ ते दहा फूट वाढते, आठ-दहा फूट अंतरावर लावता येते आणि दोन-तीन वर्षांत फळ देते. पण त्याला आयुष्यभर खांबाचा आधार लागतो. मध्यम झाड बारा ते सोळा फुटांचे होते आणि त्याला चौथ्या-पाचव्या वर्षी फळ येते. बियाण्याच्या खुंटावरचे पूर्ण वाढीचे झाड वीस फुटांच्या वर जाते. त्याला चहूबाजूंनी बारा-बारा फूट मोकळे लागतात आणि फळासाठी सात-आठ वर्षे थांबावे लागते. हे शेवटचे झाड दणकट असते, आधाराशिवाय उभे राहते आणि दुर्लक्ष सहन करते. ज्यांना छाटणीचा कंटाळा आहे ते बुटके झाड सोपे समजून घेतात, तो गैरसमज आहे. बुटक्या झाडाला पाणी, तण आणि आधार या तिन्हींकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

पायरी ४ : खुंटांची पारख

नावांतली अक्षरे खुंट कुठला ते सांगतात. ‘एम’ म्हणजे इंग्लंडच्या केंट परगण्यातले ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्र. ‘एमएम’ म्हणजे मॉलिंग आणि मर्टन यांची संयुक्त पैदास, ज्यात लोकरी माव्याला दाद न देणारी नॉर्दर्न स्पाय ही जात वापरली गेली. ‘बड’ किंवा ‘बी’ म्हणजे रशियातल्या मिचुरिन्स्क इथले बुडागोव्स्की यांचे खुंट. ‘जी’ म्हणजे न्यू यॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथे कॉर्नेल विद्यापीठ आणि कृषी खाते यांनी मिळून काढलेले. इंग्लंडचा हिवाळा सौम्य, मिचुरिन्स्कचा कडक. नुसत्या उगमावरून निम्मी निवड होते.

बड ९ हा बुटक्या खुंटांत थंड प्रदेशासाठी सर्वांत भरवशाचा. झाड बियाण्याच्या खुंटावरच्या झाडाच्या साधारण तिसरा हिस्सा राहते. बुंध्याची कूज त्याला क्वचितच होते आणि फायर ब्लाइट या जिवाणूजन्य करप्यातही बागेत तो तग धरतो. त्याची पाने आणि साल लालसर असतात. याचा एक मोठा फायदा शेवटच्या भागात येईल. दोष असा की हलक्या मातीत किंवा गवताच्या स्पर्धेत तो खुरटतो.

जी ४१ आणि जी ९३५ हेही बुटके आणि थंडीत चांगले. दोघेही फायर ब्लाइटला प्रतिकारक, त्यामुळे जिथे हा रोग दरवर्षी येतो तिथे बड ९ पेक्षा सरस. जी ४१ चा कलमाचा जोड पहिली काही वर्षे ठिसूळ असतो आणि वादळात तिथूनच काटकन मोडतो. लावणीच्याच दिवशी खांबाला बांधायला हवे. जी ९३५ ला वरच्या जातीच्या काडीतून येणारे सुप्त विषाणू सोसत नाहीत, म्हणून त्यावर ओळखीच्याच्या जुन्या झाडाची काडी बांधू नका. विषाणूमुक्त प्रमाणित रोपच घ्या. लोकरी माव्याला जी ४१ दाद देत नाही, जी ९३५ बळी पडतो.

जी ८९० मध्यम उंचीचा, जोमदार, फायर ब्लाइट आणि लोकरी मावा दोन्हींना प्रतिकारक. अंगणात एकच झाड लावायचे असेल आणि रोप मिळत असेल तर आमची पहिली पसंती याला.

बी ११८ मोठ्या झाडासाठी. उंची बियाण्याच्या खुंटापेक्षा जराच कमी, थंडीत दणकट, फळ मात्र त्याच्यापेक्षा एक-दोन वर्षे लवकर. पानांत लाली याच्याही असते.

अंतोनोव्का ही रशियन जात. तिच्या बियांपासून केलेली रोपे झोन ३ मध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. मुळे खोल जातात आणि रेताड, उघड्या जागी तगतात. उत्तर मिनेसोटात बर्फ टिकत नसेल तर दुसरा विचार करू नका. सायबेरियन क्रॅब, म्हणजे मेलस बक्काटा हे बारीक फळांचे रानटी सफरचंद, याच्याहूनही काटक आहे. हिमाचलातही तो रानटी सापडतो आणि खुंट म्हणून वापरतात. पण त्याची झोप हलकी असते. फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडले की तो जागा होऊ लागतो आणि पुढच्या लाटेत मार खातो. शिवाय विषाणू असलेली काडी त्यावर नीट जुळत नाही.

आता टाळायचे खुंट. एम ९ आणि एम २६ फायर ब्लाइटला अत्यंत नाजूक. रोग फुलातून शिरून खुंटापर्यंत उतरतो आणि झाड एका हंगामात जाते. झोन ५ मध्ये बर्फाच्या पांघरुणाखाली एम २६ निभावतो, त्याच्या उत्तरेला नको. एम ७ थंडीत बरा, पण बुडख्यातून इतके फुटवे फेकतो की दर उन्हाळ्यात तेच काम होऊन बसते. एमएम १११ दुष्काळात उत्तम, मात्र झोन ४ च्या उघड्या जागी बी ११८ घेणे बरे.

एमएम १०६ बद्दल थोडे सविस्तर, कारण भारतात तो हिमाचल-काश्मीरच्या नर्सऱ्यांत सर्रास दिसतो आणि ओळखीचे नाव म्हणून लोक तोच मागतात. या खुंटावरचे झाड शरद ऋतूत उशिरापर्यंत वाढत राहते. थंडीसाठी लाकूड पक्के व्हायला दिवस लहान होणे आणि मग हळूहळू गारवा वाढणे, असे दोन टप्पे लागतात. ते पूर्ण व्हायच्या आत थंडीची लाट आली तर उणे १५ सुद्धा घातक ठरते. ११ नोव्हेंबर १९४० च्या आर्मिस्टिस डे वादळाने हेच दाखवून दिले: तोवरचा शरद उबदार होता, झाडे पक्व झाली नव्हती आणि अचानक कोसळलेल्या तापमानाने आयोवातल्या सफरचंदाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. हीच झाडे जानेवारीत त्याहून थंड रात्री सोसत आली होती. एमएम १०६ ला ओल्या जमिनीत बुंध्याची कूजही होते. तेव्हा मिनेसोटात तो नकोच.

पायरी ५ : जात आणि खुंट यांची जोडी जुळवा

खुंट कितीही काटक असला तरी नाजूक जातीला तो काटक करत नाही. बड ९ वर फुजी किंवा ग्रॅनी स्मिथ लावली तर मुळे जगतील आणि फांद्या मरतील. शिवाय या जाती इतक्या उशिरा पिकतात की तिथल्या हंगामात गोडी भरतच नाही.

मिनेसोटा विद्यापीठाने १९२२ मध्ये दिलेली हॅरलसन, १९७७ ची स्वीट सिक्स्टीन, १९९१ ची हनीक्रिस्प, १९९९ ची झेस्टार आणि २००८ ची फ्रॉस्टबाइट या त्या हवेत पारखलेल्या जाती आहेत. झोन ३ च्या टोकाला मॅनिटोबातल्या मॉर्डेनची गुडलँड बघा.

हनीक्रिस्पची वाढ मुळातच मंद. ती बड ९ वर हलक्या मातीत लावली की तिसऱ्या वर्षी फळ धरते आणि तिथेच थबकते. तिला जी ८९० किंवा जी ९३५ द्या. उलट झेस्टार जोरात वाढते, तिला बड ९ लगाम घालतो. आणि जोडी कोणतीही असो, परागीकरणासाठी त्याच काळात फुलणारी दुसरी जात किंवा क्रॅबअॅपल शंभर फुटांच्या आत लागते. शेजाऱ्याचे झाडही चालते.

अंबरी या काश्मिरी जातीची काडी तिकडून बॅगेत घालून आणण्याचा मोह होतो, पण परवान्याशिवाय ती अमेरिकेत आणता येत नाही आणि विमानतळावर जप्त होते. कॅनडाची सीमा ओलांडतानाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते.

पायरी ६ : विकत घेताना

मोठ्या दुकानांत मे महिन्यात कुंडीतली रोपे येतात. लेबलवर ‘सेमी-ड्वार्फ’ (मध्यम उंचीचे) एवढेच असते. तो एम ७ असू शकतो, एम २६ किंवा एमएम १०६ही. खुंटाचे नाव सांगता येत नसेल तर रोप सोडून द्या. फळझाडांच्या नर्सरीकडून उघड्या मुळांचे एक वर्षाचे रोप मागवा. नोंदणी ऑक्टोबर ते जानेवारीत करा, कारण जी ८९० सारखे खुंट फेब्रुवारीपर्यंत संपतात. जात, खुंट, बुंध्याची जाडी (अर्धा ते पाऊण इंच उत्तम) आणि विषाणूमुक्त प्रमाणपत्र, या चार गोष्टी लेखी विचारून घ्या.

स्वतः कलम करायचे असेल तर पाव ते तीन अष्टमांश इंच जाडीचे खुंट सुटेही मिळतात. काड्या झाड झोपेत असताना, कळ्या फुगायच्या आधी, मागच्या वर्षीच्या पेन्सिलीएवढ्या वाढीतून कापा. आडव्या छेदात लाकूड तपकिरी दिसले तर थंडीने मार खाल्लेला आहे, ती काडी टाका. बाकीच्या ओलसर कागदात गुंडाळून १ ते ४ अंशांवर ठेवा. मात्र फ्रिजमध्ये फळे असतील तर त्यांच्या इथिलीन वायूने कळ्या मरतात. मार्चमध्ये जिव्हा कलम करा, दोघांच्या सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूने तंतोतंत जुळवा, पट्टीने आवळा. दोन-तीन आठवडे २० अंशांच्या आसपास ठेवले की जोड भरतो. हनीक्रिस्पचे पेटंट २००८ मध्ये संपले, त्यामुळे तिची कलमे खुशाल करा. नव्या जाती आणि जिनिव्हाचे खुंट पेटंटखाली असू शकतात, त्यांची स्वतः पैदास करण्याआधी खात्री करून घ्या.

पायरी ७ : लावणी

जमीन मोकळी होताच, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, लावा. मुळे आदल्या रात्री पाण्यात ठेवा, बारा तासांपेक्षा जास्त नको. खड्डा मुळांच्या पसाऱ्यापेक्षा एक फूट जास्त रुंद, खोली मुळांपुरतीच. खड्ड्यात शेणखत किंवा कंपोस्ट भरू नका. ते खाली बसते आणि झाड दबते.

कलमाचा जोड जमिनीपासून चार ते सहा इंच वर राहिला पाहिजे. माती इंच-दीड इंच बसणार हे धरूनच उंची ठेवा. जोड मातीखाली गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळे फुटतात. मग बुटके झाड बुटके राहत नाही आणि ज्या काटक मुळांसाठी पैसे मोजले ती बाजूला पडतात. पण जोड फार उंचही ठेवू नका, उघड्या खुंटावर गाठी येतात आणि त्या मऊ जागेत कीड शिरते.

बुटक्या खुंटाला दहा फुटी खांब, त्यातला अडीच फूट जमिनीत. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला पाच गॅलन पाणी. चार जुलैनंतर नत्र देऊ नका, नाहीतर कोवळी फूट ऑक्टोबरपर्यंत चालू राहते आणि वर सांगितलेला एमएम १०६ चा दोष तुम्ही स्वतःहून कुठल्याही खुंटात आणता.

पहिल्या हिवाळ्याआधी तीन कामे. जमीन गोठण्याआधी, ऑक्टोबरअखेर, प्रत्येक झाडाला आठ-दहा गॅलन पाणी द्या. नोव्हेंबरच्या मध्यात लाकडी भुशाचे चार-सहा इंच आच्छादन तीन फूट त्रिज्येत पसरा, खोडाभोवती चार इंच मोकळे सोडून. खोडाला पाव इंच छिद्राची लोखंडी जाळी लावा, दोन इंच जमिनीत आणि वर बर्फाच्या नेहमीच्या पातळीपेक्षा दीड फूट उंच. व्होल नावाचे आखूड शेपटीचे उंदीर बर्फाखालून येतात, ससे बर्फावर उभे राहून कुरतडतात. साल चहूबाजूंनी गेली की खुंट कोणताही असो, वरचे झाड संपले. दक्षिण-पश्चिम बाजूचे खोड पांढऱ्या नळीने झाका, कारण दुपारच्या उन्हात तापलेली साल सूर्य मावळताच गोठून उभी तडकते.

वसंतात काय बिघडले ते ओळखणे

कळ्या फुटल्या, पाने आली आणि जूनमध्ये सगळे कोमेजले: मुळे गेली आहेत. खोडात साठवलेल्या अन्नावर पहिली पाने फुटली होती. पेन्सिलीएवढे एक मूळ उकरून कापा. आत पांढरट असेल तर जिवंत, तपकिरी आणि मऊ असेल तर मेलेले. इथे चूक खुंटाच्या निवडीत किंवा उघड्या पडलेल्या जमिनीत असते. त्याच जागी तोच खुंट पुन्हा लावू नका.

फांद्यांची टोके मेली, खाली हिरवे आहे: जात नाजूक किंवा नत्र उशिरा दिले गेले. जिवंत लाकडापर्यंत छाटा, पण जूनअखेरपर्यंत थांबा, कारण उशिरा फुटणारे डोळे बरेच असतात.

झाड जमिनीतून वर उचलले जाऊन एका बाजूला कलले: गोठणे-वितळणे चालू असताना माती उकलून झाड वर ढकलले गेले. जमीन वितळताच पायाने दाबून पूर्ववत बसवा, आणि पुढच्या वर्षी आच्छादन वेळेवर टाका.

वरचे झाड वाळले आणि बुडाशी जोमाने फूट आली: कळ्या जोडाच्या वरून निघाल्या की खालून ते बघा. बड ९ आणि बी ११८ मध्ये हे लांबूनही कळते, कारण खुंटाची पाने लालसर असतात. वरची फूट हिरवी असेल तर एक सरळ फांदी ठेवून बाकी काढा, झाड दोन वर्षांत उभे राहते. फूट खालची असेल तर तिला येणारी फळे खुंटाची असतील, हवी ती जात मिळणार नाही. पण मुळे जिवंत आहेत आणि ती तिथल्या हिवाळ्यात टिकली आहेत. सगळ्यात सरळ एक फुटवा राखा, बाकी मुळापासून उपटा आणि पुढच्या वसंतात त्यावरच नव्या काडीचे कलम बांधा.